शेवटच्या प्रकरणाला टाचणी

४ मार्च

प्रिय वहिनी,

पोचले. दोन दिवसांच्या प्रवासाने पाय सुजलेत, बाकी ठीक. ग्रंथालयात रुजू झाले तर डागडुजी विभागात माझ्या टेबलावर फाटक्या पुस्तकांचा एवढा ढीग, की पलीकडे बसलेली आमची चष्मेवाली दिसेना. सगळी रजा दादाच्या उशाशी संपवून आले, आता निवृत्तीपर्यंतचं दीड वर्ष एक दिवसही मिळणार नाही, असं साहेबांनी हसत हसत सांगितलं. माझा सख्खा भाऊ तिकडे पक्षाघाताच्या झटक्याने निपचित पडलाय, वाचा गेलीये, आणि मी इकडे लोकांच्या पुस्तकांना खळ लावत बसले आहे. माझीच मला चीड येते, पण करू काय?

फोनवर आपण दोघी पहिल्याच मिनिटाला रडायला लागतो, म्हणून हे पत्र. सोबत दोन पुस्तकं आहेत.

एक तुला. प्रेमाचं आहे. मुखपृष्ठावर सायकल आणि फुलांची टोपली, म्हणजे तिसऱ्या प्रकरणात दोघं एकमेकांवर धडकणार. तुला आवडतात म्हणून पाठवते, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

दुसरं दादाला. हल्ली रहस्यकथांची ती गोडगोड जात निघाली आहे ना, खून होतो पण रक्ताचा थेंब दिसत नाही, त्यातलं. विणकाम मंडळाची अध्यक्षीण लोकरीच्या गुंड्यांत मरून पडते आणि पुढच्याच पानावर बाकीच्या जणी केक खात चर्चा करतात. मालिकेतलं हे नववं, म्हणजे त्या एवढ्याशा गावात नऊ खून झाले, तरी कोणी बिऱ्हाड हलवत नाही! शोध लावणारीचं पुस्तकांचं दुकान आहे आणि ती दुकानात कधीच नसते. मांजर मात्र छान आहे. काही करत नाही आणि केल्याचा आवही आणत नाही.

दादाचा नि माझा खेळ तू लांबूनच पाहिलास, म्हणून नियम लिहिते. आधी वाचणाऱ्याने शेवटचं प्रकरण टाचणीने बंद करायचं. नंतरच्याने तिथपर्यंत वाचायचं, खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहायचं आणि मगच टाचणी काढायची. आधी काढली तर महिनाभर बाद. मी नऊ वर्षांची होते, तेव्हापासून चाललंय हे. मी इकडे आल्यावर पोस्टाने चाललं. सगळ्या चिठ्ठ्या माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यात आहेत.

आता त्याला लिहिता येत नाही, बोलता येत नाही. पण तू वाचून दाखव, आणि शेवटी संशयितांची नावं एकेक करून म्हण. उजव्या हाताचं बोट कधी कधी हलतं ना त्याचं? बघ काय होतं ते. डॉक्टर काही का म्हणेनात.

तुझी नणंद


१९ मार्च

प्रिय वन्सं,

पुस्तकं मिळाली. आधी माझ्या पुस्तकाबद्दल बोलते, कारण त्याबद्दल बोलणं सोपं आहे.

मोठ्या शहरातली नोकरी सोडून ती मावशीची बेकरी चालवायला येते. तो सुतार. त्याच्याकडे कोणी काम घेऊन येताना दिसत नाही, त्यामुळे तो कायम मोकळा. सायकलची धडक तिसऱ्या नाही, दुसऱ्याच प्रकरणात झाली. सगळं मला आवडलं, पण शेवटाच्या जरा आधी सगळ्याच कादंबऱ्यांत जे होतं ते इथेही झालं. ती आत मैत्रिणीशी बोलत असते, तो दाराबाहेर उभा, अर्धं वाक्य ऐकतो, त्याचं काळीज फाटतं आणि तडक गाडी पकडून दुसऱ्या गावी. अहो, आत यावं, विचारावं की बाई, काय म्हणालीस! ऐकायचं तर पूर्ण ऐकावं, नाहीतर कान झाकून घ्यावेत. त्या अर्ध्या वाक्यापायी साठ पानं वाया गेली.

आता इकडचं. सोमवारी मोठे डॉक्टर येऊन गेले. ह्यांच्या डोळ्यांसमोर पेन फिरवलं, टाळ्या वाजवल्या, नावाने हाक मारली. मग मला म्हणाले, बाई, यांना ऐकू येत असेल, पण समजत काही नाही, तुम्ही मनाची तयारी करा. नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात एक खाट रिकामी होते आहे म्हणे. तिथे एकदा ठेवलं की कायमचंच. फॉर्म देऊन गेलेत, त्यावर माझी आणि तुमची, दोघींची सही लागते. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा घरचं म्हणजे आपण दोघीच. माझी ताई रोज फोन करून सांगते, सही कर आणि मोकळी हो, तुझी पाठ मोडायला आली आहे. फोन ह्यांच्या खोलीत आहे. पूर्वी मी तो ओढत बाहेर न्यायचे. आता डॉक्टरांनीच सांगितल्यावर कशाला बाहेर जायचं, तिथेच बसून बोलते.

दुपारी तीनला ह्यांचं अंग पुसून झालं की वाचते. विणकामवालं काल संपलं. नावं म्हटली आणि वन्सं, बोट उचललं हो! फुलवालीच्या नावाला. टाचणी काढली तर खुनी फुलवालीच! मी तशीच पुस्तक धरून बसून राहिले. मला ह्यांना पाठवायचं नाहीये. तुम्ही डॉक्टरांना लिहा ना, तुमचं लिहिणं चांगलं आहे.

तुमची वहिनी


३० मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र विभागात मोठ्याने वाचलं. चष्मेवालीने चक्क माझा हात धरला. दादा बरोबर निघाला! ती ओळ मी तीनदा वाचली. आमच्या या खेळात अशी वेळ कधी आलेली मला आठवत नाही. आजारपणाने अक्कल आली म्हणायची.

डॉक्टरांना लिहिलं, दोन पानं. त्यांनी मान्य केलंय की दादाच्या हातापायांचा व्यायाम घ्यायला येतात त्या बाई आणखी काही आठवडे घरी येतील आणि पुढच्या वेळी स्वतः बसून बघतील. तोवर खाट राखून ठेवणार आहेत. म्हणजे आता सगळं दादाच्या त्या एका बोटावर आहे. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझ्या सुतारावर माझंही मत ऐक. त्याच कादंबरीची एक प्रत इथे दुरुस्तीला आली. तीस वर्षं पुस्तकं बांधते आहे, मला वाचल्याशिवाय सांगता येतं कोणतं पुस्तक कसलं ते. प्रेमाची कादंबरी उसवते ती नेमकी गैरसमज मिटतो त्या पानांशी. बायका तेवढंच पुन्हा पुन्हा उघडतात. मधली पानं कोरी करकरीत. रहस्यकथेचं उलटं, तिची शेवटची पानं आधी सुटतात, कारण निम्म्या जगाला धीर नसतो. तू म्हणतेस साठ पानं वाया गेली, पण तो आत येऊन विचारता तर माझ्या विभागाला काम काय राहिलं असतं?

दोन रहस्यकथा आणि एक प्रेमाची पाठवते आहे. टाचण्या मी स्वतः लावल्यात. घड्याळाच्या दुकानातला खून जरा संथ आहे. दादा बोट उचलेल तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघ आणि मला सगळं लिही, एकही गोष्ट गाळू नकोस.

तुझी नणंद


१४ एप्रिल

प्रिय वन्सं,

दोन्ही पुस्तकं झाली, विणकामवाल्यासकट सगळी परत पाठवते. दोन्ही वेळा बरोबर! घड्याळवाल्या पुस्तकाच्या वेळी व्यायामाच्या बाई समोर खुर्चीवर बसल्या होत्या. मी नावं वाचली. वकिलाच्या नावाला बोट वर. मी त्यांच्यासमोर टाचणी काढली, पान दाखवलं. त्या म्हणाल्या, अरे वा. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मे अखेरपर्यंत येणार आहेत.

तुम्ही पाठवलेली परिचारिकेची कादंबरी मी आपटली. खरंच भिंतीवर आपटली, कोपरा दुमडलाय, त्याबद्दल माफी. नायक अपघातात जबर जखमी होऊन महिनाभर अंथरुणाला. पण दाढी रोज झालेली, केस नीट, आणि त्या महिन्यात चादर एकदाही कोणी बदलत नाही. पाठीला जखमा होत नाहीत. नायिका येते, कपाळावर हात ठेवते, तो डोळे उघडतो. लिहिणाऱ्या बाईने कधी कोणाला कुशीवर वळवलंय का? एका हाताने खांदा, दुसऱ्याने कंबर, आणि गुडघा खाटेला टेकवून, दर दोन तासांनी? तिसऱ्या आठवड्यात तो चालायला लागला तेव्हा मी पुस्तक फेकलं. मग उठून उचलून आणलं आणि शेवट वाचला. रडलेही. काय करणार, सवय.

रहस्यकथांतल्या बायकांचं मात्र मला पटायला लागलंय. कोणाचा नवरा मेलेला, कोणाचा पळून गेलेला, पण एकीच्याही घरी कोणी आजारी नाही. म्हणून तर खून शोधायला वेळ मिळतो.

चेहऱ्याबद्दल विचारलंत. चेहरा होता तसाच होता.

तुमची वहिनी


२५ एप्रिल

प्रिय वहिनी,

पुस्तकं मिळाली. परिचारिकेचा कोपरा नीट केला.

घड्याळवाल्या पुस्तकाची शिवण सैल झाली होती म्हणून टेबलावर घेतलं. टाचणी एकदा लावली की प्रत्येक पानाला दोन भोकं पडतात, एक आत जातानाचं आणि एक बाहेर येतानाचं. या पुस्तकात चार आहेत. दुसऱ्यातही चारच. म्हणजे कोणीतरी टाचणी काढून पुन्हा लावली. विणकामवाल्यात मात्र दोनच आहेत, तेही बघितलं. वहिनी, माझं पोट अशा गोष्टी बघण्यावर चालतं.

आणि मला तर भोकांच्याही आधी कळायला हवं होतं. रविवारी डबा काढून बसले. दादाच्या दोनशे अकरा चिठ्ठ्या आहेत. एकही बरोबर नाही, एकसुद्धा! दर वेळी त्याचा संशय एकाच तऱ्हेच्या माणसावर. जो सगळ्यांसाठी खुर्ची सरकवतो, कोणाला थंडी वाजली की शाल आणून देतो, त्याच्यावर. "इतकं चांगलं कोणी उगाच नसतं," म्हणायचा. मी किती चिडवायचे, पण पुढच्या वेळी पुन्हा तेच. तो माणूस एकाएकी वकिलाचं नाव घेईल?

मी रागावलेली नाही. फक्त खरं काय ते कळव.


६ मे

वन्सं,

हो, मी काढल्या टाचण्या.

तुम्ही तिकडे बसून भोकं मोजा. मी इथे माणूस उचलते. रागावले नाही म्हणता, पण पत्राखाली नेहमीसारखं "तुझी नणंद" लिहिलेलं नाही, हे मला दिसलं. मीही थोडंफार बघायला शिकले आहे.

खरं हवंय ना, घ्या. पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी काही केलं नव्हतं. नावं म्हणत होते. फुलवाली म्हणून झालं आणि मधल्या घरातल्या काकू म्हणत होते, त्या सगळ्यांना केक पोचवतात बघा, त्या. म्हणता म्हणता पान उलटत होते. डोळ्यांच्या कडेतून बोट उचललेलं दिसलं. फुलवालीला उचललं की काकूंना, की नुसतंच उचललं, मला माहीत नाही. टाचणी काढली, फुलवाली निघाली, मी तिचं नाव तुम्हाला लिहिलं. त्यात मला खोटं काही वाटलं नाही.

मग तुम्ही डॉक्टरांना कळवून बसलात. बाई बघायला येणार म्हटल्यावर माझी पाचावर धारण बसली. पुन्हा उचललंच नाही तर? म्हणून आधी उघडून खुनी बघून घेतला, पुन्हा टाचणी लावली. बाईंच्यादेखत काढायची ना, म्हणून. त्या दोहोंतलं आधीचं कोणासमोर नव्हतं तरी तसंच केलं, तालीम म्हणून. माझा हात ह्यांच्या तळहाताखाली होता. नाव आलं की मी खालून ह्यांचं बोट हलकंच वर ढकलायचे. बाईंना दिसलं नाही.

शेवट आधी वाचून मग रहस्यकथा वाचली तर कळतं, लिहिणारा पानोपानी किती सरळ चेहऱ्याने फसवत असतो. मला ते आता जमतं. अभिमानाने सांगत नाहीये. मला फसवायचं नव्हतं, मला वेळ हवा होता. कशासाठी, तेही माहीत नाही. ह्यांना समजत नसेल तर घरी ठेवून मी कोणासाठी काय करते आहे? आणि समजत असेल तर? दोन्हीकडून माझे हात बांधलेले आहेत.

तुम्हाला डॉक्टरांना कळवायचं तर कळवा.

वहिनी


१५ मे

माझ्या लाडक्या वहिनी,

"तुझी नणंद" लिहायचं राहिलं, कारण तो प्रश्न लिहिला आणि लगेच पाकीट बंद केलं, नाहीतर पत्र टाकलंच नसतं. इतकंच होतं ते. मी डॉक्टरांना काहीही कळवलेलं नाही आणि कळवणार नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही टाचणी काढली असती, आणि मी तर अशी लावली असती की कोणाच्या बापाला कळलं नसतं.

तुझ्या पत्रातली एकच ओळ घेऊन मी आठवडाभर फिरते आहे. मधल्या घरातल्या काकू. सगळ्यांना केक पोचवणाऱ्या. वहिनी, डब्यातल्या दोनशे अकरा चिठ्ठ्यांवर अशाच काकू आहेत गं.

म्हणून हे पुस्तक. तळ्याकाठच्या हॉटेलातला खून आहे, नवंकोरं. मी वाचलेलं नाही. चष्मेवालीने वाचलं, टाचणी तिनेच लावली, आणि मला अवाक्षर सांगायचं नाही म्हणून तिला शपथ घातली आहे. खुनी कोण ते मलाही माहीत नाही, तुलाही नाही. बाई येतील त्या दिवशी सगळी नावं एकाच आवाजात म्हण. हात तुझ्या मांडीवर ठेव.

दुसरं, डॉक्टरांनी मलाही फॉर्मची एक प्रत पाठवली होती, ती सही करून पाठवते आहे. तुला ढकलते आहे असं समजू नकोस. मी इतक्या लांबून नुसती पत्रं लिहिणार आणि तू माझ्या सहीसाठी अडून राहणार, हे मला सहन होत नाही. तारीख कोरी आहे. पाठव किंवा फाड. काहीही केलंस तरी मी तुला कधी एका शब्दाने विचारणार नाही. दादाजवळ आत्ता तू आहेस, मी नाही.

प्रेमाची कादंबरी या खेपेला पाठवत नाही. मीच एक वाचायला घेतली आहे, तुला काय दिसतं त्यात ते बघायला. चाळीस पानं झाली. नायक अजून दारात उभा आहे.

तुझी आणि तुझीच नणंद


२ जून

प्रिय वन्सं,

सगळं क्रमाने लिहिते, म्हणजे माझं मलाही नीट लावता येईल.

पुस्तक नऊ दिवस चाललं. चांगलं आहे. हॉटेलवाला, त्याची सावत्र मुलगी, पियानो शिकवणारी, एक निवृत्त डॉक्टर आणि एक म्हातारा व्यवस्थापक. व्यवस्थापक फार गोड आहे. वीज गेली की मेणबत्त्या घेऊन खोल्याखोल्यांत जातो, तळ्यावर बसलेल्यांना शाली नेऊन देतो. मला वाटलं पियानोवालीच. तिचा पहिला नवरा कसा मेला ते कोणी विचारतच नाही.

मंगळवारी व्यायामाच्या बाई आल्या. त्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं, म्हणाल्या, वीस मिनिटं आहेत. मी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. नावं म्हटली. हॉटेलवाला, काही नाही. मुलगी, काही नाही. पियानोवाली, डॉक्टर, काही नाही. व्यवस्थापक म्हटलं आणि बोट वर आलं. हळूहळू आलं, थरथरत, पण आलं. वन्सं, मी हातही लावला नव्हता.

टाचणी काढली. खुनी निवृत्त डॉक्टर.

बाईंनी वहीत लिहिलं. मी विचारलं, काय लिहिलंत? म्हणाल्या, उत्तर चुकलं, म्हणजे मागचे सगळे योगायोगच होते, वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही पुष्कळ केलंत. मी सांगायला लागले की अहो, चुकलं म्हणूनच तर! पण पुढे काय सांगणार? माझा नवरा चुकला, म्हणजे तो शाबूत आहे? मागचं बरोबर आलं ते माझं होतं आणि हे चुकलेलं त्यांचं आहे? त्यांचं येणं आता बंद. या महिन्यापासून ह्यांना खुर्चीत बसवायला दुसऱ्या कोणाचे हात असणार, मला ठाऊक नाही. तुमचा डबा डॉक्टरांपुढे ठेवला तरी ते दोनशे अकरा चुकांकडे बघून काय म्हणतील?

बाई गेल्यावर मी दार लावून पुन्हा नावं म्हटली. उलट क्रमाने, मग मधूनच, मग कादंबरीतल्या सुतारालाही मध्ये घालून. एकूण पाच वेळा म्हटली, पाचही वेळा व्यवस्थापक. मी हसले. कित्येक महिन्यांनी त्या खोलीत मोठ्याने हसले. म्हटलं, अहो, म्हाताऱ्याने शाली दिल्या हो नुसत्या! तेव्हा ह्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला की मला भास झाला, ते सांगता येत नाही.

आणि मग माझं हसू थांबलं, कारण माझी नजर फोनवर गेली.

फोन खाटेपासून हातभरावर आहे. मार्चपासून मी तिथेच बसून ताईशी बोलते आहे. कधी काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण एक आठवतं. एप्रिलमध्ये माझी पाठ धरली होती त्या दिवशी मी म्हणाले, झटका आला त्याच दिवशी झोपेत गेले असते तर ते सुटले असते आणि मीही सुटले असते. म्हणाले, आता मला त्यांच्या अंगाच्या वासाचाही कंटाळा येतो. आणखीही म्हणाले, ते तुम्हालाही लिहिणार नाही. त्या सुताराला मी किती नावं ठेवली. अर्धं वाक्य ऐकून गाडी पकडली म्हणून. ह्यांनी सगळं पूर्ण ऐकलं, वन्सं. आणि ह्यांना उठून जाताही आलं नाही.

मी माफी मागितली. माफीला बोट नसतं. ते छताकडे बघत होते, मी खाटेच्या कडेला बसून होते, आणि अंग पुसायची वेळ टळून गेली तरी उठले नाही.

मग काल मी त्यांना विचारलं. तुम्ही सही केलेला फॉर्म हातात घेऊन सगळं समजावून सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले, खाट कुठे आहे, बाई येणार नाहीत, माझी पाठ. मग नावं वाचावीत तसं एकाच आवाजात म्हटलं. घर. शुश्रूषागृह. हात मांडीवर होते. बोट शुश्रूषागृहाला वर आलं. मी क्रम बदलला. शुश्रूषागृह. घर. पुन्हा तेच. सहा वेळा विचारलं, सहाही वेळा तेच, आणि शेवटच्या वेळी तर मी शब्द पुरा करायच्या आधीच. का, ते मला विचारू नका. तुम्हालाही कळलं असेल.

मी रात्रभर विचार केला वगैरे काही नाही. तिथल्या तिथे ठरवलं. फॉर्म फाडला. त्याचे तुकडे पाकिटात आहेत, तुमची सही होती म्हणून तुम्हाला परत. मला जमेल की नाही, माहीत नाही. बहुतेक नाहीच जमणार. फोन मात्र बाहेर नेला.

पुस्तकं पाठवत राहा, टाचणी लावून. आता मीही चिठ्ठी लिहीन, पियानोवालीवर मी हरले आहे.

सोबत कालची चिठ्ठी आहे. अक्षर माझं, उत्तर त्यांचं. त्यावर "शुश्रूषागृह" एवढंच लिहिलंय. तुमचा दादा आयुष्यात एकदाही बरोबर निघालेला नाही, असं तुम्हीच म्हणता ना? मग ही दोनशे बारावी. डब्यात ठेवा.

तुमची वहिनी